सोनखत हवेत सोडताना

डुकरांच्या वाड्यातलं पाणी प्रयोगशाळेत आलं की बाटलीचं झाकण उघडण्याआधीच कळायचं. रंग चहाच्या चोथ्यासारखा, वर तरंगणारा मक्याचा कोंडा, आणि डोळ्यांना झोंबणारा वास. डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. नाकाला जी घाण येते ती दुसऱ्या वायूंची. हे दोन वास वेगळे ओळखायला मला नोकरीची पहिली दोन वर्षं लागली. पुढची तीस वर्षं जबलपूरमध्ये पाणी, शेण, खत, चारा यांतला नायट्रोजन मोजण्यात गेली.

नदीच्या पाण्यात नेसलरचं द्रावण टाकलं की हलका लिंबासारखा पिवळा रंग येतो आणि त्यावरून अमोनिया मोजता येतो. डुकरांच्या पाण्यात तेच द्रावण टाकलं की क्षणात विटकरी साका बसतो. म्हणून नमुना आधी शंभरपट पातळ करावा लागे. पूर्ण नायट्रोजन हवा असेल तर केल्डालचा फ्लास्क: तीव्र गंधकाम्लात नमुना उकळायचा, काळा झालेला द्रव हळूहळू निवळशंख होईपर्यंत थांबायचं, मग कॉस्टिक सोडा घालून अमोनिया वाफेवर काढायचा आणि बोरिक ॲसिडमध्ये पकडायचा. ग्राहकपात्रातला जांभळट रंग एकदम हिरवा होतो. तो हिरवा रंग दिसला की मला दरवेळी वाटायचं, हे खत आहे, आणि आपण याला घाण म्हणून नोंदवतो आहोत.

योहान केल्डालने ही रीत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधली, ते साल १८८३. जबलपूरच्या खंदारी जलाशयाचं पाणी शहराला मिळू लागलं तेही १८८३ मध्येच. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण शहरात नळाचं मुबलक पाणी आलं तेव्हाच सांडपाण्याचा प्रश्न जन्माला आला, आणि त्या सांडपाण्यात काय वाया जातं ते मोजायचं साधनही त्याच वर्षी जगाला मिळालं. माझ्या सगळ्या नोकरीची दोन टोकं मला या सालात दिसतात.

आमचं कुटुंब १९३० च्या दशकात वर्ध्याहून इथे आलं. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे वर्ध्याच्या माणसाला जबलपूर परकं नव्हतं. आजोबा शिक्षक, वडील गन कॅरेज फॅक्टरीत. लहानपणी आमच्या घरामागे कच्ची वाट होती आणि त्या वाटेवर काळी, राठ केसांची देशी डुकरं फिरत. ती कोणाची आहेत हे सगळ्यांना ठाऊक असे. वाल्मीकी आणि बसोर वस्त्यांतली कुटुंबं ती पाळत. सकाळी सोडून देत, संध्याकाळी विशिष्ट हाक आली की डुकरं घरी परतत. त्या डुकरांना कोणी चारा घालत नव्हतं. हॉटेलचं उष्टं-खरकटं, भाजीबाजारातला पालापाचोळा, आणि खरं सांगायचं तर उघड्यावरचा मैला, हेच त्यांचं अन्न. त्या काळात जबलपूरमध्ये डुकरांचं सांडपाणी नावाची गोष्टच नव्हती. ज्याला चार भिंती नाहीत, सिमेंटची फरशी नाही आणि धुवायला नळी नाही, त्याचं सांडपाणी होणार कुठून? प्राणी फिरत होता आणि त्याचं मलमूत्र जिथल्या तिथे मातीत जात होतं. रोगराई होती, जंत होते, त्या वस्त्यांच्या वाट्याला आलेला अपमान होता. तो काळ परत यावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण नायट्रोजनचा हिशेब त्या काळात मातीतच मिटत होता, हेही नाकारता येत नाही.

जबलपूरच्या वरच्या अंगाला, मंडला-डिंडोरीच्या गोंडांमध्ये डुकराला वेगळाच मान आहे. नारायणदेवासाठी एक डुक्कर वर्षानुवर्षं पोसायचं आणि मग त्याचा बळी द्यायचा, या विधीला लारूकाज म्हणतात.   एका घरात एक डुक्कर, घरच्या शिळ्यापाक्यावर वाढणारं, हे त्या मुलखाचं प्रमाण होतं. नायट्रोजनच्या भाषेत सांगायचं तर तेवढं मलमूत्र परसातली चार भोपळ्याची वेलं सहज पचवतात.

हे प्रमाण बदललं ते सरकारी पुढाकाराने. जबलपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चं. १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय झालं आणि महाविद्यालय त्यात गेलं. २००९ मध्ये पशुवैद्यकाचं स्वतंत्र विद्यापीठ निघालं, त्याला नाव दिलं नानाजी देशमुखांचं. नानाजी हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, त्यामुळे इथल्या मराठी घरांना त्या पाटीचं थोडं जास्तच कौतुक. १९७०-७१ मध्ये देशात डुकरांवरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या चार केंद्रांत इज्जतनगर, खानापारा आणि तिरुपती यांच्यासोबत जबलपूर होतं. विदेशी जातींचा देशी डुकरांशी संकर, किती पिल्लं, किती दिवसांत किती वजन, किलोभर वजनाला किती खाद्य, हे सगळं मोजलं जाऊ लागलं. पांढरी, लांब पाठीची डुकरं सिमेंटच्या फरशीवर आली. फरशी आली म्हणजे धुणं आलं. धुणं आलं म्हणजे नाली आली. जबलपूरच्या डुकरांच्या सांडपाण्याचा इतिहास त्या नालीपासून सुरू होतो.

आता त्या नालीत नायट्रोजन येतो कुठून ते पाहा. याच कृषी विश्वविद्यालयात १९६० च्या दशकात अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सोयाबीनचं काम उभं राहिलं. पुढे याच विश्वविद्यालयाकडून जेएस ३३५ हे वाण निघालं. ‘जेएस’ म्हणजे जवाहर सोयाबीन. मराठवाड्यात आणि विदर्भात असा शेतकरी शोधून सापडणार नाही ज्याने हे नाव ऐकलं नाही. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, झाड त्याची प्रथिनं करतं, दाण्यातलं तेल काढल्यावर उरते ती ढेप. शंभर किलो सोया ढेपेत सात किलोच्या वर नायट्रोजन असतो. तो डुकराच्या पोटात गेला की साधारण तिसरा हिस्सा अंगी लागतो. उरलेले दोन हिस्से बाहेर, आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त मुतात, युरियाच्या रूपाने. विष्ठेतल्या जिवाणूंकडे युरिया फोडणारं विकर असतं. मूत आणि विष्ठा फरशीवर एकत्र आले की काही तासांतच अमोनिया सुटायला लागतो. म्हणजे हवेतून मुळात, मुळातून दाण्यात, दाण्यातून डुकरात आणि डुकरातून नालीत. हे सगळं चक्र मी जबलपूरच्या हद्दीतच पाहिलं आहे.

नालीतल्या अमोनियाचं पुढे काय होतं, याचं उत्तर माणसाला पुस्तकांत सापडण्याच्या कितीतरी आधी भिंतींवर दिसत होतं. आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीला, जिथे शेजारच्यांची गाय बांधलेली असे, पांढरा खार फुटायचा. आजी म्हणायची, भिंतीला लोणा लागला. मुताने भिजलेल्या मातीत अमोनियाचं नायट्रेट होतं आणि कोरड्या दिवसांत ते भिंतीवर फुलून येतं. हाच सोरा. बिहारातले नोनिया लोक पिढ्यान्‌पिढ्या तो खरवडून, विरघळवून, आटवून विकत, आणि त्याची बंदुकीची दारू होई. वडील तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यात जात आणि तोफेच्या दारूचा जुना कच्चा माल आमच्या भिंतीवर फुलत असे, हे मला रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. त्या दिवशी मी घरी येऊन त्या भिंतीपाशी कितीतरी वेळ उभी राहिले.

सोरा कसा होतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप होतो असं मानत. १८७७ मध्ये पॅरिसला श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी मीटरभर लांब काचेची नळी भाजलेली वाळू आणि चुनखडीची भुकटी यांनी भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही. जसा अमोनिया वरून आत गेला तसाच खालून बाहेर आला. मग नायट्रेट दिसायला लागलं, वाढत गेलं आणि अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर सगळं थांबलं. निव्वळ रसायन असतं तर वीस दिवस थांबलं नसतं आणि क्लोरोफॉर्मने गप्पही झालं नसतं. म्हणजे हे काम करणारं काहीतरी जिवंत आहे. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले: एक अमोनियाचं नायट्राइट करणारा, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. याच दशकांत फ्रान्समध्येच गायाँ आणि द्युपेती यांना उलट काम करणारे जिवाणू सापडले. हवा नसेल आणि खायला सेंद्रिय अन्न असेल, तर हे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन श्वासासाठी वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो.

शेतीवाल्यांनी या दुसऱ्या जिवाणूंना चोर ठरवलं. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. शेतातलं खत हे जिवाणू हवेत उडवत होते. आज सांडपाण्याच्या टाकीत आपण याच चोराला पगारी नोकर म्हणून ठेवतो. जैविक रीतीने नायट्रोजन काढणं म्हणजे एवढंच: आधी हवा देऊन पहिल्या जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट करून घ्यायचं, मग हवा बंद करून दुसऱ्यांकडून ते उडवून लावायचं.

सांडपाण्यात भरपूर हवा सोडली आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, तर वीस दिवसांचं काम काही तासांत होतं, हे १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं. त्यांना या वाटेला लावणारा त्यांचा वरिष्ठ गिल्बर्ट फाउलर. या माणसाची पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९१६ मध्ये फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आला. इथे त्याने उपाशी जमीन पाहिली, खताला मोताद झालेला शेतकरी पाहिला. १९३४ मध्ये त्याने जे पुस्तक लिहिलं त्याचा विषय नायट्रोजन काढून टाकण्याचा नव्हता. नायट्रोजन जपण्याचं जीवरसायन हा त्याचा विषय होता. जगभरच्या सांडपाणी केंद्रांची मुळं ज्याच्यापाशी पोहोचतात, त्या माणसाला भारतात आल्यावर सगळ्यात मोठी चिंता ही वाटली.

त्याच सुमारास इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचं काम चाललं होतं. हॉवर्डचं नाव सेंद्रिय शेतीवाले रोज घेतात. वाडांचं कोणी घेत नाही. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने छापलेल्या त्यांच्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत, आणि खताच्या ढिगातलं रसायन तपासणं हे वाडांचं काम होतं. मी प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते पुस्तक वाचायला लावत असे. त्यातली एक गोष्ट डुकरांच्या नालीसाठी आजही खरी आहे. इंदूरच्या गोठ्यात फरशी नव्हती, दाबलेली माती होती. बैलांचं मूत त्या मातीत मुरायचं. तीन-चार महिन्यांनी ती माती खणून, कुटून, कोरड्या पालापाचोळ्याच्या थरांवर पसरायची. पालापाचोळ्यात कार्बन जास्त, मूतमातीत नायट्रोजन जास्त. ढीग करताना दोघांचं प्रमाण साधारण तेहेतीसास एक, आणि तीन महिन्यांनी तयार खतात दहास एक. कार्बन जिवाणूंनी खाल्ला, नायट्रोजन मात्र ढिगातच राहिला. पाणी लागतं तेवढंच, नाली नाहीच. फरशी धुवायची नळी गोठ्यात आणण्याआधी कोणी वाडांना विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, अशी माझी खात्री आहे.

मराठी भाषेला हे सगळं आधीपासून माहीत होतं. मैल्याच्या खताला आपण सोनखत म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याची नगरपालिका मैला राखेत मिसळून, वाळवून त्याचं पुड्रेट खत करत असे आणि मुठा कालव्याखालचे ऊसवाले ते पैसे मोजून नेत. त्या सोन्याची एक बाजू मात्र काळी होती. ते उचलणाऱ्या, वाहणाऱ्या, चाळणाऱ्या माणसांना समाजाने माणूस मानलं नाही. सोनखताचा व्यवहार बंद झाला यात त्या माणसांची सुटका होती, आणि सुटका अजून पुरती झालेली नाही म्हणून तर १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे करावे लागले. म्हणून जुन्या खताचे गोडवे गाताना माझा हात थांबतो. नायट्रोजन मातीला परत द्यायचा असेल तर तो नळाने, पंपाने, यंत्राने द्यावा. कोणाच्या डोक्यावरून नको.

सोनखताचा भाव मात्र कायद्याने पडला नाही. तो पडला युरियाच्या गोणीने. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची हाबर-बॉश रीत १९१३ मध्ये जर्मनीत कारखान्यात आली. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ चा. गोणी स्वस्त मिळू लागली तेव्हा नालीतला नायट्रोजन खत राहिला नाही, प्रदूषण झाला. आज एकीकडे आपण नैसर्गिक वायू जाळून हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो आणि दुसरीकडे वीज जाळून सांडपाण्यातला नायट्रोजन हवेत सोडतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तो ब्लोअरने पाण्यात ढकलावा लागतो. दोन्ही वेळची बिलं देशच भरतो.

तरीही टाकीला पर्याय नाही अशी ठिकाणं असतात. युरोपात ती आधी आली. हॉलंडमध्ये डुकरं इतकी वाढली की १९८४ मध्ये सरकारला नव्या वाड्यांवर बंदी आणावी लागली. तितकं मलमूत्र घेणारी जमीनच देशात नव्हती. नायट्रोजन उडवण्याच्या बऱ्याच सुधारणा त्या देशातून आल्या यात आश्चर्य नाही. १९५४ मध्ये पासवेर या डच संशोधकाने अंडाकार चर खणून त्यात पाणी फिरतं ठेवलं आणि एका जागी पाणी घुसळणारा ब्रश लावला. ब्रशजवळ पाण्याला हवा मिळते, फिरून लांब जाईपर्यंत ती संपते, आणि एकाच चरात दोन्ही प्रकारचे जिवाणू आळीपाळीने कामाला लागतात. आपल्याकडे नागपूरला १९५८ मध्ये जी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्था निघाली, जिला आता आपण नीरी म्हणतो, तिने उन्हाच्या देशाला परवडणाऱ्या तळ्यांचा अभ्यास केला. वीज नाही, ब्लोअर नाही, शेवाळ ऑक्सिजन देतं. हॉलंडच्या एका यीस्ट कारखान्याच्या टाकीत तर हवेशिवाय अमोनिया नाहीसा होताना दिसला. ते ॲनामॉक्स जिवाणू १९९५ मध्ये जगासमोर आले आणि २००२ मध्ये रॉटरडॅमला त्यांची पहिली मोठी टाकी चालू झाली. लालसर रंगाचे, एकाचे दोन व्हायला अकराएक दिवस घेणारे. त्यांना सेंद्रिय कार्बन लागत नाही आणि त्यांच्या रीतीत हवेचा खर्चही कमी होतो. त्यांच्यावर लिहायला वेगळा लेख हवा.

निवृत्तीनंतर मी स्वतः एक टाकी चालवून पाहिली. शहराबाहेर एका कुटुंबाचा चाळीसेक डुकरांचा वाडा आहे. घरातल्या मोठ्यांना मी कक्का म्हणते, ते मला दीदी म्हणतात. वाड्याला बायोगॅस आहे, त्यावर घरचा स्वयंपाक होतो. गॅस संयंत्रातून बाहेर पडणारं पाणी शेजारच्या नाल्यात जाई, आणि नाल्याखालच्या शेतकऱ्याशी रोजचं भांडण. मी दोन निळे दोनशे लिटरचे ड्रम मागवले. एकात मत्स्यालयाचे हवेचे पंप बसवले, दुसरा झाकून ठेवला. जिवाणूंचं विरजण म्हणून नाल्याकाठचा बादलीभर गाळ आणि कक्कांच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीखालची लोणा लागलेली माती घातली. रोज दहा लिटर पाणी आत, दहा लिटर बाहेर.

सव्वीसाव्या दिवशी पट्टीवर नायट्रेट दिसलं. पॅरिसच्या नळीला वीस दिवस लागले होते, मला सव्वीस. मी कक्कांना पेढे दिले. आठवड्याभरात सगळं अडलं. अमोनिया निम्म्यावर येऊन थांबला आणि पाणी आंबट झालं. असं होणार हे मला आधीच कळायला हवं होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचं नायट्रेट होताना सात ग्रॅमच्या वर क्षारता खर्च होते, आणि त्या पाण्यात जेमतेम तिच्या निम्मी असते. हरवलेली निम्मी क्षारता दुसऱ्या ड्रममधले जिवाणू नायट्रेट उडवताना परत देतात. पण माझा दुसरा ड्रम कामच करत नव्हता. त्यातल्या जिवाणूंना खायला काही नव्हतं. सगळा कार्बन आधीच बायोगॅसमध्ये गेला होता आणि कक्कांच्या चुलीत जळत होता.

“दीदी, जेवण दिलं नाही तर ते काम कसं करतील?” कक्का म्हणाले. मी त्यांना सगळं समजावून सांगितल्यावरचं त्यांचं हे एक वाक्य. त्यांनीच मार्ग काढला. रोज दोन लिटर कच्चं, गॅसमध्ये न गेलेलं पाणी थेट झाकलेल्या ड्रममध्ये घालायचं आणि पहिल्या ड्रमचं नायट्रेटवालं पाणी फिरवून त्यात आणायचं. पाणी फिरवून मागे आणण्याची ही रीत दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी १९७० च्या दशकात मोठ्या केंद्रांसाठी मांडली होती. तीन दिवसांत झाकणाखाली बारीक बुडबुडे दिसू लागले. बिनवासाचे, बिनरंगाचे. तो नायट्रोजन होता. ज्या हवेतून सोयाबीनच्या गाठीने तो घेतला, त्या हवेत तो परत निघाला होता. मी ते बुडबुडे बघत बसले आणि मनात आनंद आणि हळहळ दोन्ही होतं.

जबलपूरला हे काम नको म्हणून चालणार नाही. परियट आणि गौर या नद्यांच्या काठी दूध डेअऱ्या इतक्या वाढल्या की शेण-मुताचं प्रकरण उच्च न्यायालयात आणि हरित न्यायाधिकरणात गेलं. गौर नर्मदेला मिळते, परियट हिरनला आणि हिरन नर्मदेला. महाराष्ट्रातून परिक्रमेला येणारी माणसं ग्वारीघाटावर याच नर्मदेची ओंजळ भरतात. नदीत सोडण्याच्या पाण्यात अमोनिया-नायट्रोजन लिटरला ५० मिलिग्रॅम आणि केल्डाल नायट्रोजन १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा असा नियम १९९३ पासून आहे. माझ्या टेबलावर आलेल्या डुकरांच्या पाण्यात तो सर्रास याच्या कितीतरी पट निघे. मासळी मरायला तर अमोनियाचा थोडासा अंशही पुरतो. डुकरांचे वाडे डेअऱ्यांच्या मानाने थोडे आहेत, म्हणून त्यांच्याकडे अजून कोणी बोट दाखवत नाही. ते वाढण्याआधीच ही गोष्ट ठरवून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं.

जे कोणी जबलपूरमध्ये, विदर्भात किंवा कोकणात डुकरांचा वाडा बांधायला निघाले आहेत त्यांना माझं सांगणं आहे. टाकीवाल्याला बोलावण्याआधी आपली किंवा शेजाऱ्याची किती जमीन हे पाणी घेईल ते मोजा. फरशीला उतार असा द्या की मूत वेगळ्या नालीत जाईल. विष्ठा आधी खराट्याने कोरडी ओढा, मग धुवा. पाणी निम्म्यावर येतं. मटाराच्या शेतात हे पाणी देऊ नका. जबलपूरचा मटार प्रसिद्ध आहे, पण त्याच्या मुळांवरही सोयाबीनसारख्या गाठी असतात, त्याला तुमच्या नायट्रोजनची गरज नाही. गव्हाला, मक्याला, नेपिअर गवताला द्या. आणि पावसाळ्यात, जेव्हा शेत आधीच भरलेलं असतं आणि दिलेलं सगळं वाहून नाल्यात जातं, तेव्हा टाकी चालवा. ते महिने उबदार असतात, जिवाणू त्याच दिवसांत सर्वात जोमाने काम करतात.

कक्का आता तसंच करतात. माझ्या दोन ड्रमांच्या जागी त्यांनी दोन सिमेंटच्या टाक्या बांधल्या आहेत. जुलै ते सप्टेंबर त्या चालतात. उरलेले नऊ महिने नळी नेपिअरच्या तुकड्याकडे वळवलेली असते, आणि नाल्याखालचा शेतकरी गेले दोन हिवाळे तेच पाणी आपल्या गव्हासाठी मागून नेतो.